विस्मृतीच्या संशोधनाचे पारितोषिक

म्हातारचळ हा शब्द मराठीत जुनाच आहे. आजोबा जेवून उठले आणि घटकाभराने पुन्हा पान वाढावयास सांगू लागले, किंवा सुनेने पाटल्या चोरल्या असे आजीबाई शेजारणीस सांगू लागल्या, म्हणजे घरातील मंडळी हा शब्द उच्चारीत आणि विषय तेथेच संपे. हा चळ नसून मेंदूचा रोग असू शकतो व त्याची कारणे प्रयोगशाळेत शोधता येतात, ही जाणीव विसाव्या शतकातली. त्या शोधास प्रतिष्ठा मिळवून देण्यात एका पारितोषिकाचा वाटा मोठा आहे.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ साली स्थापन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी जर्मनीत आलोइस आल्झायमर जन्मास आला. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री त्याच्याकडे आली. तिला स्वतःचे नाव लिहावयास सांगितले, तर ती 'श्रीमती' एवढे लिही आणि पुढचे विसरून जाई. १९०६ साली ती वारली. तेव्हा तिच्या मेंदूच्या पातळ कापांत आल्झायमरला दोन विकृती आढळल्या : पेशींबाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत त्याने हे निवेदन केले. परंतु सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही! १९१० साली क्रेपेलिन या विख्यात मनोविकारतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात रोगास आल्झायमरचे नाव दिले. तथापि हा मध्यम वयातील एक विरळा रोग होय, वृद्धांच्या विस्मरणाशी त्याचा संबंध नाही, असेच पुढे अर्धशतक मानले गेले. १९६८ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी बुद्धिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मेंदूंतही तीच पुटे दाखविली, आणि 'विरळा' हे विशेषण निकालात निघाले.

अमेरिकेत व्हिक्टर पोटॅम्किन नावाचे मोटारींचे एक बडे व्यापारी होते. त्यांच्या पत्नी लूबा यांस १९७८ साली बुद्धिभ्रंशाचा एक प्रकार जडल्याचे निदान झाले. पैशाने जे विकत मिळत नाही ते या कुटुंबास हवे होते. त्यांनी दिलेल्या देणगीतून अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या संस्थेतर्फे १९८८ पासून पोटॅम्किन पारितोषिक दिले जाऊ लागले. त्याची रक्कम एक लक्ष डॉलर. मात्र ती पुढील संशोधनावरच खर्च करावयाची, ही त्यातील अट शहाणपणाची म्हटली पाहिजे. मानपत्र घेऊन घरी बसण्याची सोय तिने ठेवली नाही. १९९१ साली हे पारितोषिक मिळालेल्या स्टॅन्ली प्रूसिनर यांस १९९७ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. लूबा यांचे निधन १९९४ साली झाले व व्हिक्टर यांचे त्यापुढील वर्षी.

सन्मान म्हणजे सत्याचा दाखला नव्हे, हेही या इतिहासात दिसून आले. २००६ साली मिनेसोटा येथील कॅरेन ॲश यांस पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेतून 'नेचर' पत्रात आलेला, स्मृतिनाशास कारण होणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाविषयीचा निबंध जगभर गाजला. २०२२ साली त्यातील चित्रांविषयी शंका प्रकट झाल्या व २०२४ साली तो मागे घेण्यात आला. ॲश यांनी मागे घेण्यास संमती दिली. मुख्य निष्कर्ष मात्र खोटा नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. रोग्यांमागे जागणाऱ्या कुटुंबांच्या आशा अशा निबंधांवर खिळलेल्या असतात, म्हणून हा दोष लहान मानता येत नाही.

या क्षेत्रात मराठी नावही आहे. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. दिलीप जेस्ते १९७४ साली अमेरिकेस गेले आणि पुढे अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. २००० साली त्यांनी सॅनफर्ड फिंकेल यांच्यासह आल्झायमरच्या रोग्यांत उत्पन्न होणारे खोटे समज व भास ओळखण्याचे निकष मांडले. पाटल्या चोरीस गेल्याची आजीबाईंची तक्रार सासू-सुनेच्या वैराची नसून रोगाची असू शकते, हे वैद्यकाच्या भाषेत त्यामुळे सांगता येऊ लागले. नागपुरातील एखाद्या वाड्यातही असला संशय एका सुनेचे आयुष्य कडू करू शकतो. तेव्हा या निकषांचे मोल प्रयोगशाळेपेक्षा घरातच अधिक वाटावे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लक्ष माणसे बुद्धिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्याच वर्षी अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधास पूर्ण मान्यता मिळाली. ते मेंदूतील पुटे विरघळविते. १,७९५ रोग्यांवरील अठरा महिन्यांच्या प्रयोगात ऱ्हासाची गती त्याने सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. गेलेली स्मृती ते परत आणीत नाही.