नालंदा, एक फॉरवर्ड आणि मिन्हाजची तवारीख

"बख्तियार खिलजीने नालंदा जाळलं, पुस्तकं तीन महिने जळत होती." हा मेसेज तुमच्या फोनवर कधी ना कधी आलाच असेल. आजच्या भागात आपण त्या काळाच्या जवळपास लिहिलेला एक फारसी ग्रंथ उघडून बघूया. त्याचं नाव 'तबकात-इ-नासिरी'.

लेखक मिन्हाज-इ-सिराज जुझजानी. त्याचं बालपण आजच्या अफगाणिस्तानातल्या घोरी दरबारात गेलं. मंगोलांच्या धाडींच्या काळात तो भारतात आला, १२२७ साली सिंधकडच्या उच शहरात पोचला आणि पुढे दिल्लीचा मुख्य काझी झाला. १२६० मध्ये त्याने हा ग्रंथ पूर्ण केला आणि सुलतान नासिरुद्दीन महमूदचं नाव त्याला दिलं. तबका म्हणजे थर. असे २३ थर आहेत: सुरुवात आदमपासून, मग पैगंबर, खलिफा, इराणचे राजे, दिल्लीचे सुलतान आणि शेवटी मंगोल. म्हणजे इस्लामी जगाचा अख्खा इतिहास एका माणसाने लिहिलाय!

त्यात बख्तियारची हकिगत येते. साधारण १२०० च्या आसपास तो दोनशे घोडेस्वार घेऊन 'बिहार' नावाच्या किल्ल्यावर चालून जातो. आतल्या मुंडण केलेल्या लोकांची कत्तल होते. मग खूप पुस्तकं सापडतात. त्यात काय लिहिलंय ते सांगायला माणसं बोलवावीत, तर सगळे मारले गेलेले. नंतर कळतं की हा किल्ला नव्हताच, ती शाळा होती. विहार!

आता नीट लक्ष द्या. या हकिगतीत नालंदाचं नाव नाही. पुस्तकं जाळल्याचा उल्लेखही नाही. बऱ्याच इतिहासकारांच्या मते ही जागा नालंदाजवळचं उदंतपुरी. आणि १२३० च्या दशकात धर्मस्वामी नावाचा तिबेटी भिक्षू नालंदाला गेला, तेव्हा तिथे पडझड झाली होती, तरी नव्वदी पार केलेले राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते.

मग काय, काही घडलंच नाही? असं अजिबात नाही. कत्तल मिन्हाज स्वतःच सांगतो, कसलाही आडपडदा न ठेवता. "पुस्तकात नाही म्हणजे झालंच नाही" हेसुद्धा फॉरवर्डइतकंच घाईचं. शिवाय मिन्हाज तिथे हजर नव्हता. बख्तियारच्या चाकरीतला समसामुद्दीन त्याला १२४३ च्या सुमारास लखनौतीला, म्हणजे बंगालमध्ये, भेटला आणि त्याने हे सांगितलं. चाळीसेक वर्षांनंतरची आठवण, तीही जिंकणाऱ्या बाजूची.

मला या उताऱ्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट आगीपेक्षा वेगळी वाटते. पुस्तकं समोर आहेत आणि वाचून दाखवणारा एकही माणूस जिवंत नाही. ज्ञान संपायला दर वेळी काडी लागतेच असं नाही.

म्हणून पुढच्या वेळी असा मेसेज आला की तीन प्रश्न विचारा. हे कोणी लिहिलं? किती वर्षांनी? आणि त्याला कोणी सांगितलं? उत्तरं मिळेपर्यंत पुढे पाठवायचं बटण दाबू नका. हत्या झालेल्या त्या माणसांची आठवण ठेवायची असेल, तर ती खरी ठेवूया.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!