ट्रकवाला जाममध्ये उभ्या उभ्या रेस का मारतो? प्रत्येक वेळी तो माज नसतो

संध्याकाळी सातच्या सुमारास काशिमीरा नाक्यावर किंवा फाउंटन हॉटेलजवळच्या वळणावर अडकला असाल, तर हा आवाज तुम्ही नक्की ऐकला असेल. पुढे वीतभर जागा नाही, ट्रक जागचा हलत नाही, तरी ड्रायव्हर दर दोन-तीन सेकंदांनी रेस देतोय. घुर्रर्र... घुर्रर्र... मागच्या बाईकवाल्याच्या तोंडावर काळा धूर. बाईकवाला दोन शेलके शब्द ऐकवतो, व्हिडिओ काढतो आणि वर लिहितो, ‘माज बघा याचा.’

आता माज करणारेही असतात, नाही असं नाही. पण बऱ्याचदा गोष्ट वेगळी असते. त्या ड्रायव्हरने रेसवरून पाय उचलला की इंजिन बंद पडतं. आणि जाममध्ये बंद पडलेलं इंजिन लगेच सुरू होईल याची त्यालाच खात्री नसते.

मीरा-भाईंदरमध्ये हे जास्त दिसतं, त्याला कारण नकाशात आहे. मुंबईहून गुजरातकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे जुन्या लोकांचा एनएच ८, इथून जातो आणि ठाण्याकडून येणारा घोडबंदर रोड त्याला इथेच येऊन मिळतो. न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरवाल्यांचा हा नेहमीचा रस्ता. २०२३ मध्ये वसईच्या खाडीवर नवा वर्सोवा पूल सुरू झाला आणि पुढचा रस्ता थोडा मोकळा झाला, पण गायमुखचा घाट आहे तसाच आहे. त्या चढावर एक ट्रक बंद पडला की मागे रांग कुठवर जाते हे तिथून रोज ऑफिसला जाणाऱ्याला विचारा.

मग प्रश्न असा की, जो ट्रक माल भरून घाट चढतो, तो नुसतं उभं राहायचं म्हटलं की का मरतो?

डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतो. सिलेंडरमधली हवा साधारण सोळा ते अठरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की वरून डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेट घेतो. साध्या डिझेल इंजिनात हवा कमी-जास्त होत नाही, कमी-जास्त होतं ते फक्त डिझेल. रेसवरून पाय काढल्यावर इंजिन साधारण ६०० ते ८०० आरपीएमवर फिरत राहतं, त्याला आयडल म्हणायचं. गॅरेजमध्ये याला ‘स्लो’ म्हणतात. या वेळी मोठ्या ट्रकच्या एका सिलेंडरमध्ये एका फवाऱ्याला जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं डिझेल जातं. त्यात हवेचा एक बुडबुडा आला तर तो फवारा फुकट गेला. इंजिन जोरात फिरत असताना असा एखादा फवारा चुकला तरी फ्लायव्हीलच्या जोरावर ते पुढे निघून जातं. आयडलला तो जोर नसतो. दोन-तीन फवारे ओळीने चुकले की खेळ खलास.

म्हणूनच गाडी आयडलला बंद पडते म्हटल्यावर पहिल्यांदा डिझेल फिल्टर बदलायचा, हा सगळीकडे दिला जाणारा सल्ला अर्धाच बरोबर आहे. फिल्टर चोंदला असेल तर गाडी आधी चढावर मरगळते, कारण तिथे डिझेल जास्त लागतं. आयडलला लागणारं थोडंसं डिझेल चोंदलेल्या फिल्टरमधूनही येतं. घाटात मस्त ओढते आणि सिग्नलला मरते, अशी गाडी असेल तर संशय आधी दुसरीकडे घ्यायचा.

तो दुसरीकडे म्हणजे ‘एअर घेतेय’. हे दोन शब्द हायवेवरच्या प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतात. टाकी खाली असते, इंजिनावरचा फीड पंप तिथून डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूच्या पाइपला बारीक भेग असेल, बॅन्जो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर दबला असेल, तर इंजिन चालू असताना तिथून डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. त्यामुळे खाली एक थेंब दिसत नाही आणि मालक म्हणतो, ‘लीकेज तर नाहीच.’ याची एक खूण आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारून मारून जीव जातो. सकाळी उशिरा स्टार्ट आणि दिवसा आयडलला रेस आपोआप वर-खाली, या दोन तक्रारी एकत्र असतील तर बाकी काही उघडण्याआधी पाइप आणि जोड बघावेत. मिस्त्री लोक फिल्टरच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा जोडतात, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. किंवा टाकी बाजूला ठेवून वर टांगलेल्या कॅनमधून डिझेल देतात. कॅनवर इंजिन नीट चाललं तर दोष टाकीकडच्या लाइनमध्ये.

शिरलेली हवा काढायची पद्धत जुन्या पंपाच्या गाड्यांवर सोपी आहे. हा पंप म्हणजे मिस्त्रींचा ‘मायको पंप’. मायको ही १९५१ साली सुरू झालेली कंपनी, २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण गॅरेजमध्ये जुनं नाव अजून जिवंत आहे. इंजिन बंद करून फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू एक-दोन आटे सैल करायचा, फीड पंपावरचा हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की स्क्रू आवळायचा. तेच पुढे मोठ्या पंपावरच्या स्क्रूला करायचं. पण भोक जिथे आहे ते बुजवलं नाही, तर दोन दिवसांनी परत तेच.

इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. वरची पद्धत जुन्या गाड्यांची आहे. जुन्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलचा नट सैल करून कोणता सिलेंडर ‘मिसिंग’ करतोय तेही शोधतो. कॉमन रेल इंजिनात हे कधीही करायचं नाही. त्या पाइपमध्ये आयडललाच काहीशे बार दाब असतो आणि रेस दिल्यावर दीड हजार बारच्या पुढे जातो. तेवढ्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आतला मांसल भाग खराब होत जातो. असं झालं तर मलम लावून घरी जायचं नाही. थेट हॉस्पिटल गाठायचं आणि ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगायचे, कारण अनेकदा तातडीने ऑपरेशन लागतं. बोट वाचवायचं तर वेळ फार कमी असतो.

कॉमन रेलमध्ये आयडलच्या तक्रारीला वेगळी कारणंही असतात. इंजेक्टर झिजला की आलेलं डिझेल फवाऱ्याऐवजी रिटर्न लाइनने परत जातं. रेसवर पंप जोरात फिरतो म्हणून निभावतं, आयडलला रेलमध्ये दाब टिकत नाही. स्कॅनर लावला तर ‘पी००८७’ असा कोड दिसू शकतो, अर्थ एवढाच की रेलमधला दाब कमी आहे. तो कोड म्हणजे निकाल नव्हे. चोंदलेला फिल्टर, आत शिरलेली हवा, झिजलेला पंप, खराब सेन्सर, यातलं काहीही असू शकतं. कोड बघून थेट पंप बदलायला निघालेल्या मिस्त्रीला आधी प्रत्येक इंजेक्टरचं रिटर्न डिझेल मोजायला सांगा. बाटल्या लावून होणारं काम आहे आणि खर्चात फार मोठा फरक पडतो.

इंजिन कसं बंद पडतं हेही ऐकण्यासारखं असतं. चावी फिरवल्यासारखं झटक्यात गेलं, तर स्टॉप सोलेनॉइडची सैल वायर किंवा सेन्सर बघा. गचके खात, रेस वर-खाली होत गेलं, तर डिझेल किंवा हवा. काळा धूर सोडत गुदमरल्यासारखं गेलं, तर एअर फिल्टर बघा, आणि ईजीआर असलेल्या गाडीत तो व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलाय का ते बघा. जळालेला धूर परत आत येत राहिला तर ताज्या हवेला जागाच उरत नाही. गाडी अर्धा-पाऊण तास चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडल्यावर ‘स्स्स’ आवाज येतो? झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. हे दुरुस्त करायला पिन पुरते.

पावसाळ्यात पाणी हा वेगळाच ताप. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला बसतं. वॉटर सेपरेटरचा खालचा नळ आठवड्यातून एकदा उघडायचा, हे क्लीनरचं काम आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही.

आणि कधी कधी दोष काहीच नसतो, आयडल नुसतं कमी ठेवलेलं असतं. डिझेल वाचेल म्हणून स्क्रू फिरवलेला असतो आणि हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर किंवा एसी लोड घेतो तेव्हा इंजिन दम तोडतं. नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. कारखान्यातून एसी लावून आलेली गाडी हा भार धरूनच बनवलेली असते, जुन्या गाडीला बाहेरून एसी बसवून घेणाऱ्यांनी मात्र आयडल तपासून घ्यावं.

आता गायमुखच्या उतारावर हे झालं तर? इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग जड. छोट्या टेम्पोत व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक एक-दोनदा दाबल्यावर दगडासारखा होतो. मोठ्या ट्रकमध्ये टाकीतली हवा काही ब्रेकपुरती असते, कॉम्प्रेसर थांबलेला असल्यामुळे ती भरत नाही. बहुतेक मोठ्या ट्रकना स्प्रिंग ब्रेक असतात, हवा उतरली की मागची चाकं जाम. ब्रेक सारखा सारखा दाबून हवा संपवायची नाही, एकदाच दाबून गाडी डावीकडे घ्यायची. चाकांना उटी लावायची, चारही इंडिकेटर चालू करायचे, रिफ्लेक्टरचा त्रिकोण बऱ्यापैकी मागे ठेवायचा. फांदी आणि दगड नको. तो दगड ट्रक गेल्यावर तिथेच राहतो आणि रात्री बाईकवाला त्यावर पडतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, बाकी कुठेही ११२.

जाम चाकांमुळेच बंद ट्रक ढकलून बाजूला होत नाही. हवा परत भरावी लागते किंवा स्प्रिंग ब्रेक हाताने सोडवावे लागतात, मगच हायड्रा किंवा टोइंगवाला ओढू शकतो, आणि त्या हायड्रालाही त्याच जाममधून यायचं असतं.