युरोपातील रेल्वेप्रवास : तिकिटे आणि गाडीबदल

टूर कंपनीच्या मदतीविना रोम, असिसी, पादुआ आणि लुर्ड्स येथे जाणारी कुटुंबे आता आपल्या धर्मग्रामांतही आढळू लागली आहेत. विमानाचे आरक्षण त्यांना सहज जमते. विचारणा होते ती रेल्वेविषयी. अशा वाचकांच्या सोयीसाठी पुढील माहिती आम्ही एकत्र केली आहे.

आपल्याकडे वसईहून थेट दिल्लीपर्यंत रेल्वे एकच. युरोपात प्रत्येक देशाची रेल्वे निराळी, आणि काही देशांत एकाच मार्गावर दोन कंपन्या. इटलीत ‘त्रेनइतालिया’ ही सरकारी मालकीची कंपनी आणि २०१२ साली सुरू झालेली खासगी ‘इतालो’ एकाच रुळांवरून धावतात. एकीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही. प्रतीक्षा यादी आणि आरएसी हे प्रकारही तेथे नाहीत. वेगवान गाडीत जागा असेल तर तिकीट मिळते, नसेल तर दुसरी गाडी पाहावी लागते.

खरा प्रश्न गाडी बदलण्याचा आहे. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने असिसीहून पादुआला जाताना फ्लॉरेन्सपर्यंतचे तिकीट एकदा आणि तेथून पुढचे, स्वस्त मिळाले म्हणून, दुसऱ्यांदा काढले. मध्ये अवधी होता वीस मिनिटांचा. पहिली गाडी चाळीस मिनिटे उशिरा पोहोचली, पुढची केव्हाच सुटली होती. स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरते होते, त्यामुळे चौघांना नवीन तिकिटे काढावी लागली, आणि सत्तरी ओलांडलेल्या आजींना फलाटावर दोन तास बसून राहावे लागले. चूक कोणाची म्हणावी? रेल्वेच्या दृष्टीने तो एक प्रवास नव्हताच. ते दोन वेगवेगळे प्रवास होते.

संपूर्ण मार्ग एकाच तिकिटावर घेतला असता तर चित्र निराळे असते. ७ जून २०२३ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या नियमांनुसार, अखंड तिकिटावरील पुढची गाडी चुकून मुक्कामी साठ मिनिटे वा अधिक उशीर होणार असेल, तर प्रवाशाला पुढील गाडीने नेणे किंवा पैसे परत करणे रेल्वेवर बंधनकारक आहे. मुक्कामी एक तासाहून अधिक उशीर झाल्यास सर्वसाधारणपणे भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांहून अधिक झाल्यास ५० टक्के भरपाई मागता येते. म्हणून शक्य तेथे अखंड तिकीटच घ्यावे. वेगळी तिकिटे काढावीच लागली तर मध्ये किमान एक तास राखावा. वडीलधारी मंडळी आणि सामान बरोबर असेल तर दीड तास. हमाल मिळेल या आशेवर राहू नये.

पॅरिसबाबत विशेष सावधगिरी हवी. तेथे सर्व गाड्यांचे मिळून एक स्थानक नाही. इटलीहून येणारी गाडी गार द लियोंला थांबते, लंडनची गार द्यु नॉरला, आणि लुर्ड्सची थेट गाडी सुटते मोंपार्नासहून. मुंबई सेंट्रलला उतरून कुर्ला टर्मिनसची गाडी पकडण्यासारखाच हा प्रकार! गार द्यु नॉरहून मेट्रोची ४ क्रमांकाची गाडी थेट मोंपार्नासला नेते. गार द लियोंहून १४ क्रमांकाने शातले येथे जाऊन ४ क्रमांक धरावा. फ्रान्समध्ये फलाट क्रमांक गाडी सुटण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी झळकतो आणि वेगवान गाडीचे दरवाजे दोन मिनिटे अगोदर बंद होतात. दोन स्थानकांमध्ये दीड ते दोन तास ठेवणे शहाणपणाचे. पॅरिस ते लुर्ड्स प्रवास सुमारे पाच तासांचा आहे.

वेगवान गाड्यांची तिकिटे काही महिने आधी खुली होतात आणि तारीख जवळ येईल तसतशी महागतात. नवे वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यास लागू होते, त्यामुळे नाताळातील तिकिटे कधीकधी उशिरा मिळतात. इटलीतील प्रादेशिक गाड्यांचे भाडे मात्र ठरलेले असते. त्यांचे तिकीट आदल्या दिवशी काढले तरी चालते. कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात छापून घेतल्याशिवाय आणि मोबाइलवरील तिकीट सक्रिय केल्याशिवाय गाडीत चढू नये, अन्यथा दंड भरावा लागतो. भारतीय बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी.

असिसीचे स्थानक डोंगरावरील गावात नसून पायथ्याशी, सांता मारिया देल्यी आंजेली येथे आहे. संत फ्रान्सिसचे पोर्सिउंकुला ज्या बॅसिलिकात आहे, ते तेथून जवळच. म्हणून ते दर्शन आधी उरकून मग बसने वर जावे.

लुर्ड्सहून फातिमाला रेल्वेने जाण्याचा बेत आखू नये. जुन्या प्रवासवर्णनांतून भेटणारी, फ्रान्सच्या सीमेवरून लिस्बनला जाणारी रात्रगाडी मार्च २०२० मध्ये बंद पडली. ‘फातिमा’ नावाचे स्थानक पोर्तुगालमध्ये आहे, परंतु ते तीर्थक्षेत्रापासून सुमारे वीस किलोमीटर दूर आहे. लिस्बनहून सुटणारी बस सुमारे दीड तासात फातिमाला पोहोचवते.