न्याय राखून समेट

वाटणीचा तंटा घेऊन एखादे कुटुंब आमच्याकडे येते, तेव्हा आम्हांला संत पौल यांचे स्मरण होते. करिंथचे ख्रिस्ती बांधव एकमेकांना न्यायालयात खेचू लागले, तेव्हा निवाडा करील असा एकही शहाणा आपल्यात नसावा, याबद्दल त्यांनी त्यांची कानउघाडणी केली होती. पुढे इ.स. ३१८ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईन याने बिशपांच्या निवाड्याला कायद्याची मान्यता दिली. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांचा कधी कधी सारा दिवस उपाशीपोटी तंटे ऐकण्यात जाई, असे त्यांचे चरित्रकार पोसिदियस सांगतात.

त्यांतील एक प्रसंग मननीय आहे. जानुआरियुस नावाचे धर्मगुरू ऑगस्टीन यांच्याच मठात राहत. त्या काळी विवाहित पुरुषांनाही गुरुदीक्षा मिळे. जानुआरियुस यांना एक मुलगा व एक मुलगी होती. मठात खाजगी धन वर्ज्य असताना त्यांनी काही रक्कम मुलीची म्हणून राखून ठेवली होती. मृत्युसमयी मात्र ती आपलीच असल्याचे सांगून त्यांनी ख्रिस्तसभेला वारस नेमले व दोन्ही अपत्यांना वगळले. रक्कम माझीच, वडील नेहमी तसे म्हणत, असे मुलगी सांगे. मरताना वडील खोटे बोलणार नाहीत, असे मुलगा म्हणे. ऑगस्टीन यांनी आधी ख्रिस्तसभेच्या वतीने तो वारसा नाकारला आणि मग भावंडांचा वाद मिटविण्याचे काम हाती घेतले. इ.स. ४२५-२६ मधील प्रवचनांत त्यांनी हे सारे लोकांसमोर उघड मांडले.

येथे निवाडा करणारा निःस्वार्थ होता आणि बहिणीचे म्हणणेही भावाच्या बरोबरीने मांडले गेले. आपल्याकडे मात्र अनेकदा बहिणीपुढे थेट हक्कसोडपत्र सरकविले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते आणि त्यालाच आपण समेट म्हणतो. आम्हीही एका बैठकीत एका भगिनीला घर सांभाळून घेण्याचा उपदेश केला. तिचा वाटा विचारायचे राहून गेले. ती चूक आम्हांला आजही सलते.

मृत्युपत्र नसल्यास १९२५ चा भारतीय वारसा कायदा ख्रिस्ती मुलामुलींना समान वाटा देतो. ख्रिस्तसभेची १९८३ ची धर्मसंहिताही तंटे शांततेने मिटवावेत असे सांगते, पण न्याय अबाधित राखून. लोकअदालतीत नोंदविलेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते. तेव्हा प्रिय बंधुभगिनींनो, न्यायालयाची पायरी अवश्य टाळा. परंतु वाटणीच्या बैठकीत बहिणीला मानाने बसवा, आणि सहीपूर्वी तिचे म्हणणे ऐका.