सांबार-मेथीच्या वाफ्याचा इतिहास



दिवाळी झाली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात थंडी पडते. वावरात कापसाची वेचणी चालू असते आणि घरामागे न्हाणीच्या पाण्यावर सांबार-मेथीचा वाफा तयार होतो. या एवढ्याशा वाफ्यालाही मोठा इतिहास आहे. आज तोच आपण पाहू.

थंडी सोसणाऱ्या या भाज्या फार जुन्या. इजिप्तच्या तुतानखामेन राजाची कबर १९२२ साली सापडली. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी राजासोबत ठेवलेल्या वस्तूंत धने आणि मेथीदाणेही होते. आपला देशी पालक बीटाच्या कुळातला. फुलकोबी मात्र नवी पाहुणी. ती इंग्रजांनी १८२२ मध्ये उत्तरेत सहारनपूरच्या सरकारी बागेत आणून लावली.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. कापूस नेण्यासाठी पुढे यवतमाळपर्यंत शकुंतला रेल्वे आली. वावर बाजारासाठी पिकू लागलं. तरीही बायकांनी पऱ्हाटीच्या ओळींमध्ये अंबाडी, बरबटी, वाल लावणं सोडलं नाही. घरची भाजी तिथूनच यायची.

२००२ मध्ये बीटी कापूस आला. फवारणी मात्र थांबली नाही. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. आता तणनाशकही मारतात. त्याला तण कोणतं आणि भाजी कोणती, हे कळत नाही. वावरातली आपली भाजी अशी हातातून गेली, म्हणून घरामागचा वाफा आता जास्त मोलाचा आहे. २०२० मध्ये ‘उमेद’ अभियानानं ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम घेतली, तिचं कामही हेच.

मग वाफा कसा करायचा? धने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आठ-बारा दिवसांत उगवतात. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याभरात काढायला होते. सगळं बी एकदम टाकू नका, पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरा. मुळा, पालक, लसूणही लावा. न्हाणीचं पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. सांबार कच्चा खातो, तो चांगल्या पाण्यानं धुऊनच घ्या. फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे वाफ्याजवळ धुऊ देऊ नका.

फेब्रुवारीत ऊन चढलं की मेथी-सांबार फुलावर येतात. तेव्हा सगळं उपटू नका. चार चांगली झाडं बियाण्यासाठी राखा. बी वाळवून, राख लावून डब्यात ठेवा. आपल्या आज्या असंच करत होत्या, म्हणून त्यांना बी विकत घ्यावं लागत नव्हतं.

आपल्या गटात आपण बचतीची वही ठेवतो. यंदा त्याच वहीत एक पान बियाण्याचं करू. कोणाकडे कोणतं बी आहे, कोणी कोणाला किती मुठी दिलं, ते लिहू. पुढच्या थंडीत ज्या ताईकडे बी नसेल, तिला ते गटातूनच मिळेल.