प्रवासाआधी मलेरियाची गोळी घ्यावी का?

"डॉक्टर, पुढच्या आठवड्यात कामासाठी नायजेरियाला जातोय. मलेरियाची गोळी लिहून द्या. बाबा म्हणतात तीच, आठवड्याला एक." असं सांगणारे रुग्ण अधूनमधून येतात. त्यांच्या बाबांचा सल्ला योग्यच आहे, पण त्यांची गोळी आता जुनी झाली आहे.

आपल्या पणजोबांच्या काळी हिवतापावर औषध म्हणजे सिंकोनाच्या सालीतून काढलेलं कडू कोयनेल. हा आजार डासामुळे पसरतो याचा पुरावा 1897 मध्ये आपल्याच जुन्या निजाम राज्यात मिळाला. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले.

1942 मध्ये जपानने जावा बेट घेतलं आणि कोयनेलचा मुख्य पुरवठा तुटला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही लढत होते. तिथे 1943 मध्ये एका जखमीमागे 120 आजारी जवान मागे पाठवावे लागत, आणि त्यात मलेरियाचे खूप. मेपाक्रिनची गोळी रोज द्यायची ठरली, पण जवान ती टाळत. मग जनरल स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या. पलटणीत 95 टक्क्यांपेक्षा कमी जवानांनी गोळी घेतलेली आढळली, की तिच्या प्रमुखालाच काढायचं. तिघांना काढल्यावर सगळे नियमित गोळी घेऊ लागले आणि मलेरिया झपाट्याने कमी झाला.

युद्धानंतर आठवड्याला एकदा घ्यायचं क्लोरोक्विन आलं. बाबांची गोळी ती हीच. पण 1973 मध्ये आसामात फॅल्सिपेरम हा घातक मलेरिया तिला दाद देत नसल्याचं आढळलं. पुढे आफ्रिकेतही तेच झालं.

मग आज काय करायचं?

- मुंबई-पुणे: गोळी नको. डासांपासून जपा.
- गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मुक्काम: आधी डॉक्टरांशी बोला. सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी सहसा डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ रोज देतात. ती निघण्याच्या 2 दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर 4 आठवडे चालू ठेवायची. गरोदर स्त्रिया आणि 8 वर्षांखालील मुलांना ही देत नाहीत.
- नायजेरियासारखे देश: गोळी हवीच. डॉक्सिसायक्लिन, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा मेफ्लोक्विन यांपैकी कोणती, ते तुमची तब्येत पाहून ठरतं. फिट्स किंवा मानसिक आजार असेल तर मेफ्लोक्विन चालत नाही.

"घरी आलो, आता कशाला गोळी?" असं म्हणून ती बंद करू नका. जंतू आधी यकृतात लपतात आणि नंतर रक्तात उतरतात, म्हणून परतल्यानंतरचा कोर्सही तितकाच महत्त्वाचा. मच्छरदाणी आणि अंगभर कपडेही हवेतच, कारण कोणतीही गोळी शंभर टक्के खात्री देत नाही.

परतल्यावर, अगदी काही महिन्यांनीसुद्धा, ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा, "मी अमुक ठिकाणी जाऊन आलोय." या एका वाक्याने निदान लवकर होतं आणि जीवही वाचू शकतो.