जीभ मागे पडते, आणि ते कळायला लागलेली दोनशे वर्षं

लग्नाच्या हॉलमध्ये किंवा बस स्टँडवर कुणी बेशुद्ध पडलं की काय होतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. गर्दी जमते. कुणी कांदा हुंगवतं, कुणी तोंडात पाणी घालतं आणि कुणीतरी मायेने डोक्याखाली उशी सरकवतं. थोड्या वेळाने तो माणूस घोरायला लागतो आणि सगळे म्हणतात, "झोप लागली, आता बरं वाटतंय." त्या घोरण्याचा अर्थ बहुतेक वेळा नेमका उलटा असतो. हे समजायला आम्हा डॉक्टर मंडळींनाही फार उशीर लागला. आज त्याचीच गोष्ट.

आधी एक सोपा प्रयोग करा. हनुवटीच्या हाडामागे, खालच्या मऊ भागावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. बोटाखाली जे हललं ते जिभेच्या बुडाशी असलेले स्नायू. आरशात दिसते तेवढीच जीभ नसते. उरलेली घशात उतरलेली असते. तिचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याला, हनुवटीच्या आतल्या बाजूला जोडलेला आहे. जागेपणी हे स्नायू थोडे ताणलेले असतात, म्हणून जीभ पुढे राहते. झोपेत ते सैल पडतात, बेशुद्धीत तर पारच. अशा वेळी माणूस उताणा असेल, तर जीभ स्वतःच्याच वजनाने मागे जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकते. मऊ टाळू आणि स्वरयंत्रावरचं एपिग्लॉटिस नावाचं छोटं झाकणही मागे सरकतं. वाट अर्धी बंद झाली की घोरण्याचा आवाज येतो, आणि पूर्ण बंद झाली की तोही थांबतो. छाती मात्र काही वेळ हलत राहते, त्यामुळे बघणाऱ्याची फसगत होते. उशीमुळे हनुवटी छातीकडे झुकते आणि उरलीसुरली वाटही अरुंद होते.

आता इतिहास. १७३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या अलोआ इथे, खाणीतल्या धुराने गुदमरलेल्या एका मजुराला विल्यम टोसाक या सर्जनने नाक दाबून, तोंडाला तोंड लावून हवा दिली. माणूस वाचला. पुढे बुडालेल्यांना वाचवण्यासाठी १७६७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला आणि १७७४ मध्ये लंडनला संस्था निघाल्या. तोंडाने हवा देण्याबरोबर त्यांच्या उपायांत गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणं हेही होतं! हसू नका, तेव्हाचे नावाजलेले डॉक्टर ते मनापासून करत.

१७७० च्या दशकात ऑक्सिजनचा शोध लागला आणि गाडी उलटी फिरली. श्वासातून बाहेर टाकलेली हवा म्हणजे उष्टी, वापरून झालेली. ती दुसऱ्याला कशाला द्यायची? म्हणून भाते आले. भात्याच्या जोराने फुफ्फुसं फुटू शकतात हे दिसल्यावर तेही मागे पडले. मग सुरू झालं हातांचं युग. इंग्लंडच्या मार्शल हॉल यांनी १८५६ मध्ये पेशंटला पालथं आणि कुशीवर आलटूनपालटून वळवायला सांगितलं, कारण उताण्या माणसाची जीभ मागे पडते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दोनच वर्षांनी सिल्व्हेस्टर यांनी माणसाला पुन्हा उताणं केलं आणि त्याचे हात वरखाली करायला लावले. १९०३ मध्ये शेफर यांची, १९३२ मध्ये डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांची पाठ दाबण्याची पद्धत आली. प्रथमोपचाराच्या वर्गांतून पिढ्यान् पिढ्या हेच शिकवलं गेलं.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. याच काळात ऑपरेशन थिएटरमध्ये क्लोरोफॉर्म दिलेले पेशंट रोज घोरत होते, निळे पडत होते, आणि भूल देणारे डॉक्टर जबडा पुढे ओढून त्यांना सोडवत होते. नॉर्वेच्या हायबर्ग यांनी १८७४ मध्ये ही युक्ती छापूनही टाकली. तरी थिएटरमधली ही माहिती नदीकाठच्या माणसापर्यंत ऐंशी वर्षं पोहोचली नाही.

ती पोहोचवली दोन भूलतज्ज्ञांनी. जेम्स एलम यांनी पोलिओच्या साथीत एका निळ्या पडलेल्या पेशंटला स्वतःच्या श्वासाने हवा दिली होती. पुढे १९५४ मध्ये त्यांनी मोजून दाखवलं, की उष्ट्या हवेनेही रक्तातला ऑक्सिजन नीट राहतो. हिशोब सोपा आहे: बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, आपल्या उच्छ्वासात साधारण १६ टक्के. तेवढा पुरतो.

बाल्टिमोरच्या पीटर साफार यांनी पुढचं पाऊल टाकलं. हातांच्या पद्धती तपासणाऱ्या आधीच्या चाचण्यांत पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घातलेली असे. म्हणजे वाट आधीच उघडी! रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या घशात नळी कोण घालणार? साफार यांनी स्वयंसेवकांना झोपेचं औषध आणि स्नायू सैल करणारं क्युरारे दिलं आणि नळी न घालता तपासलं. १९५८ मध्ये निकाल छापून आले. पाठ दाबा नाहीतर हात हलवा, कित्येकांच्या छातीत हवा जवळजवळ जातच नव्हती. डोकं मागे करून हनुवटी उचलली आणि तोंडाने हवा दिली, की अजिबात प्रशिक्षण नसलेल्या माणसालाही जमत होतं. आजच्या नियमांनी असा प्रयोग मंजूर झाला नसता, आणि ते योग्यच आहे; पण त्या स्वयंसेवकांचं ऋण मोठं आहे.

१९६६ मध्ये साफार यांची लहान मुलगी दम्याच्या तीव्र झटक्यात गेली. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाऊस ही अ‍ॅम्ब्युलन्स सेवा उभी राहिली. तोवर तिथे पेशंटला पोलिसांच्या गाडीत घालून नेत. साफार यांनी गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांसाठी अभ्यासक्रम तयार केला, आणि श्वासाची वाट मोकळी ठेवायला शिकवलं.

आता तुमचं काम. हाक मारून, खांदा हलवून माणूस उठत नसेल तर १०८ ला फोन लावा. श्वास नीट चालू असेल तर उशी काढा, एक तळहात कपाळावर ठेवा, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली घालून ती वर उचला. घोरणं थांबून श्वास चालू राहिला की वाट मोकळी झाली. मग त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडेल. अपघातात मानेला मार लागल्याची शंका असेल तर मान वाकवू नका. जबड्याचे दोन्ही कोपरे धरून तो पुढे ढकला. श्वास नसेल किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबायला लागा. विहिरीतून किंवा नदीतून काढलेल्या माणसाला मात्र आधी तोंडाने हवा द्या. त्याचं पोट दाबून पाणी काढत बसू नका: त्याने उलटी होते आणि ती फुफ्फुसात उतरते.